बॅरेजवरचे बूट

१

बदलापूरच्या बॅरेजवर, नदीवरच्या त्या बंधाऱ्यावर, सकाळी फिरायला येणाऱ्यांना आधी गाडी दिसली. काळी, लांबलचक, मुंबईच्या नंबरची. दार नुसतं लोटलेलं आणि चावी आतच. मग कठड्यापाशी बूट दिसले. महागाचे बूट, मोजे आत खुपसलेले, आणि एका बुटात मोबाईल. तो थरथरत होता. पडद्यावर नाव येत होतं, अंजना.

कुणी हात लावायला धजावेना. शेवटी एका वयस्कर गृहस्थांनी तो उचलला.

“दादा, कुठे आहेस तू? आज टेस्ट आहेत, विसरलास का?” पलीकडून बाईचा आवाज आला.

“बाई, हा फोन कुणाचा आहे मला ठाऊक नाही,” गृहस्थ म्हणाले. “पण तुम्ही लगेच बॅरेजवर या.”

दुपारपर्यंत सगळ्या कुळगाव-बदलापुरात बातमी पसरली, राजेंद्र शेजवळांनी नदीत जीव दिला.

राजेंद्र शेजवळ हे नाव अंबरनाथ-बदलापुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. उल्हासनगर कॅम्प एकमधल्या बॅरेकच्या एका खोलीत वाढलेला, केमिकल कारखान्यातल्या कामगाराचा हा मुलगा मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकर झाला होता. एका कंपनीनं दुसरी विकत घ्यायची म्हटली की मध्ये बसून सौदा जुळवून देणारा माणूस. मिळवलं तसं त्यानं दिलंही. कुळगावात त्याच्या ट्रस्टचं डायलिसिस सेंटर होतं आणि तिथे कुणाकडूनही पैसा घेत नसत.

तो २००८ सालचा ऑक्टोबर होता. दिवाळी तोंडावर आलेली आणि शेअर बाजार रोज कोसळत होता. राजेंद्रची कंपनी बुडाल्यात जमा आहे असं पेपरात आलंच होतं. त्यामुळे लोकांना कारण शोधावं लागलं नाही. नदीत बोट उतरली, गळ टाकले गेले, टीव्हीवाले कठड्याला रेलून बोलू लागले.

संध्याकाळी राजेंद्रची बहीण अंजना शशिकांत भोईरांच्या दारात उभी राहिली. भोईर पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले, कुळगावातच राहणारे. लोक अडल्यानडल्यावर त्यांच्याकडे यायचे. अंजना टेलिफोनच्या ऑफिसात नोकरीला होती. तिचे डोळे कोरडे होते, पण हात सारखे पदराशी चाळा करत होते.

“भोईरसाहेब, दादानं जीव दिलेला नाही.”

“ताई, घरच्यांना असंच वाटतं.”

“मला वाटत नाही, मला माहीत आहे. आमच्या धाकट्या भावाच्या, मुकेशच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. दादाच्या सेंटरवरच तो डायलिसिसवर आहे. हाताची नस बंद पडली म्हणून मानेत नळी घातली, आता तिथे इन्फेक्शन झालंय. डॉक्टर म्हणतात, किडनी लवकर बसवली नाही तर हातात फार दिवस नाहीत. दादा त्याला किडनी देणार होता. आज त्याच्या तपासण्या होत्या.” तिनं श्वास घेतला. “दादाला मरायचंच असतं ना साहेब, तर त्यानं आधी किडनी दिली असती. मग मेला असता.”

भोईर खुर्चीतून उठले आणि त्यांनी चपला पायात घातल्या.

२

कॅम्प एकमधल्या त्या बॅरेकला आता वर मजला चढला होता, खाली एका सिंधी व्यापाऱ्याचं कापडाचं दुकान होतं. माणसं दाराबाहेर गटागटानं उभी होती. आत भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, खाली खुर्चीत शंकरराव. राजेंद्रचे वडील. ते रडत नव्हते. येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते.

“जय भीम, बसा. माझा कारखाना बंद पडला तेव्हाच त्याचा मॅनेजमेंटला नंबर लागला. फी ऐकून मी म्हटलं, बाळा, जमायचं नाही आपल्याला. तर महिन्याभरानं येऊन म्हणाला, बाबा, एका कंपनीनं स्कॉलरशिप दिली. स्वतःच्या बुद्धीवर शिकला हो. दर चौदा एप्रिलला विहारात पोरांना मी हेच सांगतो. माझ्या राजूनं कुणापुढे हात पसरला नाही.”

आतल्या खोलीत राजेंद्रची बायको प्रीती बसली होती. मुंबईहून तशीच निघून आलेली. भोईरांनी सरळच विचारलं, “तुमचं भांडण झालं होतं?”

“झालं होतं.” तिनं मान वर केली. “मी त्याला नको म्हणत होते. दोन मुली आहेत आम्हाला. सगळ्या गावाला दिलंस, आता अंगातलं काढून कशाला देतोस, असं बोलले मी. मला वाटलं चिडेल. तर रडायला लागला. म्हणाला, प्रीती, तुला काही कळत नाही. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं.”

“तपासण्या आजच व्हायच्या होत्या?”

“आधीच व्हायच्या होत्या. दरवेळी काहीतरी निघायचं. कधी मीटिंग, कधी दिल्ली. ऑपरेशन करणारे डॉक्टर शेवटी माझ्यावर ओरडले, नुसती सोनोग्राफी करायलाही यांना वेळ नाही का म्हणून.”

भोईर म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. नदीत काही सापडलं तर ओळखायला लागेल. अंगावर काही खूण?”

“डाव्या कुशीवर व्रण आहे. मोठा. मागे पाठीपर्यंत गेलेला. लहानपणी इथल्याच पत्र्यावरून पडला होता ना तो.”

अंजना चहा घेऊन आत येत होती. ती जागच्या जागी थांबली. मग तिनं चहा पुढे केला. भोईर निघाले तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत ती मागे आली.

“साहेब, आम्ही तिघं एका खोलीत वाढलो. दादाला साधं खरचटलं तरी आई माझ्यावर ओरडायची.” तिचा आवाज खाली गेला. “दादा पत्र्यावरून कधीच पडलेला नाही.”

३

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरेजवर बोट पुन्हा फिरत होती. कठड्यापाशी सूटबूटातला एक गोरा, थकलेला माणूस एकटाच उभा होता. चिंतामणी सहस्रबुद्धे, राजेंद्रचा भागीदार. शनिवारी सेंटरच्या आवारात तो राजेंद्रवर ओरडत होता, हे चार जणांनी भोईरांना सांगितलं होतं.

“हो, ओरडलो,” चिंतामणी म्हणाला. “कंपनी बुडत होती. ट्रस्टचा निधी तात्पुरता वळवू म्हणालो, नंतर भरून टाकू. तो म्हणाला, त्या पैशाला हात लावलास तर मी तुझ्याविरुद्ध उभा राहीन. मी त्याला वाटेल ते बोललो. वीस-बावीस वर्षांची दोस्ती आमची. तो गेला असेल तर माझी ती शेवटची वाक्यं ऐकून गेला.”

“तो गेल्यानं तुमचं काही सुटलं?”

“सुटलं? बाजारात त्याच्या शब्दावर पैसा उभा राहायचा, साहेब. माझ्या नाही. कंपनी वाचायची थोडी आशा होती, ती या बुटांबरोबर गेली.”

भोईरांना ते पटलं. माणूस खोटं बोलताना इतकं स्वतःच्या विरोधात बोलत नाही.

“तुमची ओळख कुठली? कॉलेजची?”

“मॅनेजमेंटची. एकाच वर्गात होतो.”

“म्हणजे त्याला स्कॉलरशिप मिळाली तेव्हाची.”

चिंतामणीनं वळून पाहिलं. “स्कॉलरशिप? कुणी सांगितलं? आमच्या वर्षाला कुठल्याही कंपनीनं एकालाही स्कॉलरशिप दिली नव्हती. मीच किती अर्ज केले होते. राजेंद्रनं फी रोख भरली. अगदी शेवटच्या दिवशी. वर्ग सुरू होऊन महिना होत आला होता.”

“उशीर का?”

“कावीळ झाली होती म्हणाला. पण कावीळ झालेला माणूस असा चालतो?” त्यानं डावा हात कमरेवर दाबला आणि एका बाजूला कलला. “जिना चढताना घामाघूम व्हायचा. आम्ही चेष्टा करायचो, म्हाताऱ्या म्हणायचो त्याला.”

खाली बोटवाल्यानं काहीतरी ओरडून सांगितलं. गळाला जड लागलं होतं. चिंतामणीनं कठडा घट्ट धरला. ते फुगून वर आलं तेव्हा कळलं, गोधडी होती.

भोईर मात्र पाण्याकडे बघतच नव्हते. त्यांनी अंजनाला फोन लावला. “ताई, दादा मॅनेजमेंटला गेला त्याआधी महिनाभर घरी नव्हता का?”

“नव्हता. एका कंपनीच्या ट्रेनिंगला पुण्याला जातो म्हणून गेला होता, त्याच कंपनीनं मग स्कॉलरशिप दिली म्हणाला. का?”

४

डायलिसिस सेंटरचा खालचा मजला म्हणजे एक लांब हॉल. मशीनींची सारखी घरघर, पलंगांवर निपचित पडलेली माणसं. मुकेश खिडकीपाशी होता. आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंग विभागात सुपरवायझर असलेला हा धडधाकट माणूस आता चादरीखाली जेमतेम दिसत होता. मानेतून नळ्या निघाल्या होत्या. अंगात ताप होता.

“साहेब, मला एकच सांगा,” तो म्हणाला. “दादा माझ्यामुळे गेला का?”

“असं का वाटतं?”

“मी त्याला काही मागितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले घरातलं कुणीतरी लागेल, सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं, आणि तो म्हणाला, मी आहे ना. तो नेहमी तसंच म्हणतो. पण त्या दिवसापासून त्यानं माझ्याकडे नीट बघितलं नाही. तो घाबरला होता. मला दिसत होतं आणि तरी मी गप्प बसलो. कारण मला जगायचं होतं.” त्याच्या डोळ्यांच्या कडेतून पाणी उशीवर उतरलं. “किडनी राहू दे. तेवढा दादा शोधा.”

सेंटरच्या प्रमुख डॉक्टर मालिनी वैद्य याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत. पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. त्या जिन्यावरून उतरल्या त्या घाईत होत्या.

“सेंटर सुरू केलं तेव्हा मुकेश आजारी होता?” भोईरांनी विचारलं.

“छे. त्याला चार वर्षांनी निघालं. तेव्हा त्यांच्या घरात कुणालाच हा आजार नव्हता.”

“मग शाळा नाही, दवाखाना नाही, डायलिसिसच का?”

“ज्याला जे सुचतं.” मालिनीबाईंनी खांदे उडवले.

“राजेंद्रची तब्येत कशी होती? किडनी देण्याजोगी?”

“प्रकृती चांगली आहे त्यांची. पाणी भरपूर पितात, व्यसन नाही. कितीही दुखलं तरी पेनकिलर घेत नाहीत. मी देतही नाही.” त्या पटकन थांबल्या. “मला राऊंड आहे.”

त्या हॉलमध्ये शिरल्या. जिन्याच्या पायरीवर आयोडीनचा एक पिवळा थेंब पडला होता. त्याच्या वरच्या पायरीवर आणखी एक.

५

भोईर बाहेरच्या बाकावर बसले. रिक्षावाले हाका मारत होते, समोर कंदील विकायला टांगले होते. त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

एकाच महिन्याबद्दल राजेंद्रनं दोघांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. घरी ट्रेनिंग, मित्राला कावीळ. आणि त्या महिन्याची खूण अंगावर होती म्हणून बायकोला तिसरी गोष्ट, पत्र्यावरून पडल्याची. म्हणजे लपवायचं एकच होतं. त्या महिन्याआधी घरात फीचा पैसा नव्हता, महिन्यानंतर होता. त्या महिन्यात कुशीवर पाठीपर्यंत चिरल्याचा व्रण आला. तेव्हा मुंबईत किडन्यांचा बाजार उघड चालायचा, कायदा बराच उशिरा आला. नोकरीच्या पहिल्या वर्षांत भोईरांनी असले व्रण असलेली माणसं पाहिली होती. कुणी घरासाठी, कुणी बहिणीच्या लग्नासाठी.

म्हणून डायलिसिस सेंटर. म्हणून पेनकिलर नाही. म्हणूनच सोनोग्राफी प्रत्येक वेळी पुढे ढकललेली. ती सोनोग्राफी झाली असती तर पडद्यावर पहिल्याच मिनिटाला सगळं दिसलं असतं.

आणि कालपासून प्रत्येक परका माणूस राजेंद्रबद्दल ‘होता’ म्हणत होता. एकट्या मालिनीबाई ‘आहे’ म्हणाल्या, आणि त्या ज्या जिन्यावरून उतरल्या तिथे आयोडीनचे थेंब होते.

ते परत आत गेले आणि त्यांनी मालिनीबाईंना बाजूला घेतलं.

“डॉक्टर, ज्या माणसाला एकच किडनी आहे त्यानं दुसऱ्याला द्यायची कुठून?”

त्यांनी हॉलचं दार ओढून घेतलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, “मी त्यांना रोज सांगत होते, घरी बोला. पेशंटचं गुपित मी फोडू शकत नाही.”

“पायाला जखमा फार आहेत?”

“तळवे फाटलेत. नदीतल्या दगडांवरून अनवाणी आले.” त्यांनी जिन्याकडे पाहिलं. “जा वर.”

वरच्या खोलीत राजेंद्र शेजवळ जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. पायांना बँडेज, अंगावर कुणाचातरी ढगळ सदरा. खालच्या मशीनींची घरघर फरशीतून जाणवत होती. त्यानं भोईरांकडे पाहिलं आणि सुटल्यासारखे डोळे मिटले.

“तुम्हाला कळलं.”

“कळलं. मग ‘मी आहे ना’ का म्हणालात?”

“सगळे माझ्याकडे बघत होते, साहेब. बाबा, अंजू, मुकेश. तोंडातून गेलं. आयुष्यभर तेच बोलत आलोय. मग वाटलं, काहीतरी मार्ग काढू. माझा धंदाच तो.” तो खिन्न हसला. “मार्ग काढला. किडनीच्या एका एजंटाला गाठलं. त्यानं भिवंडीच्या पॉवरलूमवरचा एक पोरगा समोर आणून बसवला. एकवीस-बावीसचा. बहिणीला शिकवायचंय म्हणत होता. दुखतं का हो, असं मला विचारलं त्यानं. मी उठून चालता झालो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.”

“आणि काल सकाळी?”

“काल सकाळी दुसरा मार्ग उरला नाही. गळ्यापर्यंत गेलो पाण्यात. आणि मग लक्षात आलं, मढं वर आलं की चिरतील. डॉक्टर लिहील, एक किडनी नाही. बाबांना तेही कळेल.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “साहेब, मला मरतासुद्धा आलं नाही.”

६

शंकररावांना, अंजनाला आणि प्रीतीला भोईर स्वतः रिक्षातून घेऊन आले. मुलगा जिवंत आहे एवढंच त्यांनी सांगितलं होतं. म्हातारा माणूस जिना चढून वर आला, राजेंद्रला पाहून दारातच खाली बसला. अंजनानं भावाच्या खाडकन थोबाडीत मारली आणि मग त्याच गालाला गाल लावून ती हमसून रडली.

राजेंद्रनं सगळं सांगितलं. मान खाली घालून, एखाद्या परक्याची हकीगत सांगावी तसं. प्रीती भिंतीला धरून उभी होती.

शंकरराव उठले. त्यांनी मुलाचा सदरा डाव्या बाजूनं वर केला. व्रणावरून हात फिरवला, कुशीपासून पाठीपर्यंत.

“आणि मी विहारात उभा राहून सांगत होतो,” ते म्हणाले. “कुणापुढे हात पसरला नाही म्हणून.”

“बाबा, मला माफ करा.”

“तुला कसली माफी? मीच तर म्हणालो होतो, जमायचं नाही आपल्याला.” त्यांनी सदरा खाली ओढला. “असं जमवलंस होय रे?”

प्रीतीनं पुढे होऊन त्यांना खुर्चीत बसवलं. खालून मशीनचा अलार्म वाजला, मालिनीबाई धावत गेल्या. मुकेशचा ताप चढला होता, रक्तदाब उतरला होता. सगळ्यांना एकदमच आठवलं की मूळ संकट जसंच्या तसं खाली पडून आहे.

“आता त्याला काय सांगायचं?” राजेंद्र म्हणाला. “मीच त्याचा वेळ खाल्ला. तो गेला तर मी मारला त्याला.”

“माझा रक्तगट त्याचाच आहे,” अंजना म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले.

“गेल्या वर्षी त्याला रक्त मीच दिलं. डॉक्टरांनी विचारलं, घरातलं कोण, आणि तुम्ही सगळे दादाकडे वळलात. मी तिथेच उभी होते.” ती भांडत नव्हती. थकलेल्या आवाजात सांगत होती. “मला कुणी विचारलंच नाही.”

“अंजू, तुला संसार आहे, मुलं आहेत.”

“मुकेशलाही आहेत. माझ्या घरी मी बोलते. तू आता बोलू नकोस, दादा. तू नेहमी आधी बोलतोस.”

ती खाली गेली. भोईर तिच्या मागून जिन्यात आले तेव्हा ती कठड्याला धरून उभी होती. “घाबरलेय हो मी,” ती म्हणाली. “पण हे वर सांगू नका.”

मुकेशचं इन्फेक्शन उतरायला दिवाळी उलटून गेली. मधले काही दिवस असे गेले की अंजनाच्या तपासण्यांचा उपयोग होईल की नाही, हे मालिनीबाईही सांगेनात. राजेंद्रनं मुकेशच्या पलंगापाशी बसून त्याला स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. मुकेशनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तेव्हा तुझ्याजवळ दवाखान्यात कोण होतं?” कुणीच नव्हतं, असं राजेंद्र म्हणाला. मुकेशनं चादरीतून हात काढून त्याचा हात धरला.

कंपनी बुडाली. पेपरांनी राजेंद्रला पळपुटा म्हटलं, जीव देण्याचं नाटक केलं म्हटलं. पोलिसांनी त्याला बोलावून तासन् तास बसवलं. त्यानं कुठेच खुलासा दिला नाही. सेंटर मात्र चालू राहिलं, कारण त्या निधीला कुणाचा हात लागला नव्हता.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. बहीण एका खोलीत, भाऊ शेजारच्या. बाहेर बाकावर राजेंद्र सकाळपासून बसला होता. प्रीतीनं डबा आणला, तो तसाच राहिला. शंकरराव शेजारी डोळे मिटून बसले होते. कुणाला फोन करायचा नव्हता, कुणाशी सौदा जुळवायचा नव्हता. देण्यासारखं त्याच्याजवळ काही नव्हतं आणि मागायला तोंड नव्हतं. तो नुसता दाराकडे बघत राहिला.

दुपारी दार उघडलं. नर्सनं मास्क खाली ओढला.

“अंजना आणि मुकेश. दोघांचं कोण आहे?”

राजेंद्र उठला. शंकररावांनी त्याला मागून धरलं.

“मी,” तो म्हणाला. “दोघांचा भाऊ.”

“लघवी सुरू झाली भावाची, किडनी कामाला लागली,” नर्स म्हणाली. “बहीणही शुद्धीवर येतेय. तुमचंच विचारतेय, दादा रडत तर नाही ना म्हणून.”